ज्या आजाराला मराठीत नावच नाही

मागच्या एपिसोडचं हे लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘तर’ जमेल तेवढे काढलेत, काही राहिलेत. हा एपिसोड घरी स्पीकरवर लावता येत नाही अशी बऱ्याच जणांची तक्रार होती, त्यांच्यासाठी हे खास.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. दिवसभर कोड लिहितो आणि दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधतो. हा विषय माझ्याकडे आला तो एका मित्रामुळे. त्याच्या आणि त्याच्या मैत्रिणीच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगतोय.

रात्री साडेअकराला त्याचा फोन. “गुगल करायला भीती वाटतेय, तू कर.” झालं असं होतं की त्याच्या आधीच्या गर्लफ्रेंडचा मेसेज आला होता. ती शिकायला इंग्लंडला गेलीय. ब्रेकअपनंतर दोघं बोलत नव्हते. मेसेज दोन ओळींचा: मला क्लॅमिडिया निघालाय, काही त्रास नव्हता, इथे सहज टेस्ट केली. मागच्या सहा महिन्यांतल्या पार्टनरना कळवायला सांगितलंय, तूही टेस्ट करून घे.

त्याचा पहिला प्रश्न, “क्लॅमिडिया म्हणजे एड्ससारखं का?” दुसरा, “पण मला तर काहीच होत नाहीये, मग कसा असेल?” पहिल्याचं उत्तर एका शब्दात आहे, नाही. दुसऱ्या प्रश्नासाठी हा अख्खा एपिसोड.

क्लॅमिडिया हा एका जिवाणूमुळे होणारा लैंगिक आजार. विषाणू नाही, जिवाणू, म्हणजे गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. दुर्मीळ अजिबात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात जगात १५ ते ४९ वयोगटात जवळपास १३ कोटी नवे संसर्ग झाले. तरी आपल्यातल्या बहुतेकांनी नाव ऐकलेलं नसतं. एचआयव्ही माहीत असतो. जुन्या लोकांना गरमी माहीत असते, म्हणजे सिफिलिस. परमा माहीत असतो, म्हणजे गनोरिया. एसटी स्टँडच्या मुतारीतल्या ‘गुप्तरोग तज्ज्ञ’ जाहिरातींत हे शब्द वाचत आपण मोठे झालो. क्लॅमिडियाला मात्र मराठीत स्वतःचं असं नावच नाही.

मला यात गंमत वाटते. गरमीत चट्टे उठतात, परम्यात पू येतो. जे दिसतं त्याला लोक नाव देतात. क्लॅमिडिया दिसतच नाही. लागण झालेल्या दहापैकी सात किंवा त्याहून जास्त बायकांना काहीही जाणवत नाही, पुरुषांतही निम्म्याच्या आसपास लोकांना नाही. आणि हाच जिवाणू डोळ्यात गेला तर? तर त्याला मराठीत चांगलं जुनं नाव आहे. खुपरी! आजीच्या तोंडून ‘खुपऱ्या झाल्या’ ऐकलं असेल, पापणीच्या आत दाणे येतात, खुपतं. ती खुपरी आणि हा क्लॅमिडिया, जिवाणू एकच, क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस. उपप्रकार वेगळे. डोळ्यातल्या खुपरीने भारतात पिढ्यान्‌पिढ्या लोक आंधळे झाले. तो सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून भारतातून संपल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने २०२४च्या ऑक्टोबरात जाहीर केलं. डोळ्यातला भाऊ मोजला गेला, शोधला गेला, हरवला गेला. खालचा भाऊ आपल्याकडे नीट मोजलाही जात नाही.

तर मित्र दुसऱ्या दिवशी एका लॅबमध्ये गेला. काउंटरवर त्याने हळू आवाजात सांगितलं की लैंगिक आजाराची टेस्ट करायचीय. समोरच्याने मोठ्या आवाजात विचारलं, “लग्न झालंय का?” मागे रांगेत चार माणसं. हा इतका गोंधळला की समोरच्याने सुचवलेली ‘लघवीची रुटीन आणि कल्चर’ करून बाहेर पडला. तीन दिवसांनी रिपोर्ट नॉर्मल. मला पार्टीचा मेसेज आला.

मी तोपर्यंत बऱ्यापैकी वाचलं होतं, त्यामुळे पार्टीवर पाणी मला टाकावं लागलं. कल्चर म्हणजे बशीत खाद्य ठेवायचं आणि नमुन्यातले जिवाणू त्यावर वाढतात का बघायचं. क्लॅमिडिया बशीत वाढतच नाही. त्याला जिवंत पेशी लागते, तिच्या आत शिरल्याशिवाय तो एकाचे दोन होऊ शकत नाही. त्यामुळे अंगात क्लॅमिडिया असतानाही लघवीचं कल्चर अगदी स्वच्छ येऊ शकतं.

याच सवयीने शास्त्रज्ञांनाही बरीच वर्षं फसवलं. १९०७ साली जावा बेटावर हालबरश्टेटर आणि प्रोवाझेक या दोघांनी खुपरीच्या रोग्यांच्या डोळ्यातला खरवडलेला भाग ओरांगउटानच्या डोळ्यात घातला आणि रंगवलेल्या पेशींमध्ये त्यांना बारीक ठिपक्यांचे पुंजके दिसले, जणू पेशीच्या केंद्रकावर कुणी शाल टाकलीय. ग्रीकमध्ये क्लॅमिस म्हणजे अंगावर घ्यायचा झगा, त्यावरून हे नाव. पुढे कित्येक वर्षं लोक याला विषाणू समजत राहिले, कारण बारीक गाळणीतून पार जातो आणि बशीत वाढत नाही. १९५७ मध्ये चीनच्या तांग फेइफान यांनी तो कोंबडीच्या अंड्याच्या बलकपिशवीत वाढवल्याचं प्रसिद्ध केलं. पुढे, आपण वाढवलेल्या जंतूनेच खुपरी होते हे सिद्ध करायला, त्यांनी तो स्वतःच्या डोळ्यात घालून घेतला. आम्ही प्रॉडक्शनवर थेट टेस्ट केलं तर मॅनेजर ओरडतो, इथे माणसाने स्वतःचा डोळा दिला. हा जिवाणूच आहे हे पक्कं झालं ते १९६०च्या दशकात.

आता तो आत करतो काय, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण मला सगळ्यात जास्त तेच आवडलं. त्याची दोन रूपं असतात. एक प्रवासाचं. अगदी लहान, टणक, जवळपास निपचित. हे रूप वाढत नाही, फक्त एका पेशीतून दुसरीत जातं. झिप केलेली फाइल समजा. गर्भाशयाचं तोंड, मूत्रमार्ग, गुदाशय, इथल्या आतल्या अस्तराच्या पेशींना ते चिकटतं आणि पेशी त्याला आत ओढून घेते. एरवी आत आलेला जंतू आपली पेशी पचवून टाकते. हा मात्र स्वतःभोवती एक पिशवी करून घेतो आणि पचनाच्या यंत्रणेला त्या पिशवीपासून लांब ठेवतो. मग झिप उघडते. दुसरं रूप मोठं, नाजूक आणि भराभर दुप्पट होणारं. त्यासाठी लागणारा कच्चा माल आणि बरंचसं इंधन पेशीकडूनच घेतलं जातं. आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूकडे चार हजारांहून जास्त जनुकं असतात, याच्याकडे साधारण नऊशे. कोड इतका छोटा कारण बाकीच्या सगळ्या लायब्ररी होस्टच्या वापरतो. साधारण दोन ते तीन दिवसांत एका पेशीत शेकडो तयार होतात, परत झिप होतात, पेशी फुटते किंवा पिशवी बाहेर टाकली जाते, आणि शेजारच्या पेशींवर तेच सुरू.

हे सगळं पेशीच्या आत, पिशवीच्या आत. शरीराला अलार्म वाजवायला फारसं काही दिसत नाही. एरर नाही, लॉग नाही, सर्व्हर चालू. आमच्या धंद्यात याला सायलेंट फेल्युअर म्हणतात, आणि रात्री तीनला फोन वाजवणाऱ्या बगपेक्षा आम्ही यालाच जास्त घाबरतो.

लक्षणं दिसली तर कशी दिसतात? पुरुषांत लघवीला जळजळ, पातळ पांढरट स्राव, कधी वृषणात दुखणं किंवा सूज. बायकांत अंगावरून वेगळं किंवा जास्त जाणं, दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर रक्त, ओटीपोटात दुखणं. आता यातलं प्रत्येक लक्षण आपल्याकडे झाकायची सोय आहे. लघवीला जळजळ झाली की ‘उन्हाळी लागलीय, सब्जा पी, धन्याचं पाणी पी’. अंगावरून जातंय म्हटलं की ‘सगळ्यांनाच जातं’. दोन-चार दिवसांत जळजळ आपोआप कमी होते, सब्ज्याला श्रेय मिळतं आणि जिवाणू तिथेच राहतो. उन्हाळी खरीच असू शकते, लघवीच्या साध्या संसर्गानेही जळजळ होते. पण कंडोमशिवाय संबंध आलेला असेल तर फक्त सब्ज्यावर विषय बंद करू नये.

पसरतो तो योनी, गुदा किंवा तोंडाच्या संबंधांतून. टॉयलेट सीट, टॉवेल, स्विमिंग पूल, एका ताटात जेवणं, यातून नाही. हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, बहुतेक घरी सांगायला काहीतरी निरुपद्रवी कारण हवं असतं म्हणून. कंडोम नीट आणि दर वेळी वापरला तर धोका खूप कमी होतो. लस अजून नाही. एकदा होऊन गेला म्हणून पुढे संरक्षणही मिळत नाही.

मग त्रास नाही तर सोडून का देऊ नये? कारण वर चढतो म्हणून. बायकांत गर्भाशयाच्या तोंडापासून गर्भाशयात आणि तिथून गर्भनलिकांत. अमेरिकेच्या सीडीसीच्या मते उपचार न झालेल्या साधारण १० ते १५ टक्के बायकांमध्ये संसर्ग असा ओटीपोटात पसरतो. यातही काहींना ताप येतो, खूप दुखतं, आणि काहींना तेव्हाही काही कळत नाही. नुकसान बरंचसं आपल्याच प्रतिकारशक्तीच्या मारामारीतून होतं. जखमा भरतात, व्रण राहतात, नळी आतून चिकटते किंवा अरुंद होते. पूर्ण बंद झाली तर गर्भधारणा अवघड. अर्धवट बंद असेल तर गर्भ नळीतच अडकू शकतो, आणि तशी नळी फुटली तर जिवावर बेतू शकतं. पुन्हा पुन्हा लागण झाली की हा धोका वाढत जातो.

इथे मला जरा राग येतो. वंध्यत्वाच्या दवाखान्यात पहिल्या फेऱ्या कुणाच्या होतात? सुनेच्या. ‘नळ्या बंद आहेत’ असा रिपोर्ट आला की दोष तिचा. आपल्याकडे नळ्या बंद होण्यामागे क्षयरोगही असतो, सगळं क्लॅमिडियावर ढकलता येणार नाही. पण ज्यांच्यात कारण क्लॅमिडिया असतं, त्यांच्यात तो कधीतरी कुणाकडून तरी आलेला असतो, आणि तो देणारा बऱ्याचदा नवराच असू शकतो, ज्याला स्वतःला आयुष्यात एकदाही जळजळ झालेली नसते. त्याला कुणी विचारतही नाही.

आणि आपल्या नेहमीच्या तपासण्यांत हा कुठेच पकडला जात नाही. कंपनीच्या वार्षिक हेल्थ चेकअपमध्ये नाही. गरोदरपणात एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी बघतात, क्लॅमिडिया सहसा नाही, जरी बाळंतपणात तो बाळाच्या डोळ्यात आणि फुप्फुसात जाऊ शकतो. पॅप स्मिअर वेगळ्या कामासाठी असतो. ‘एचआयव्ही निगेटिव्ह आहे’ याचा याच्याशी संबंध नाही. सरकारी व्यवस्था अनेक वर्षं लक्षणांवरून उपचार करत आलीय, आणि त्यामागे चांगलं कारण आहे. मोठी लॅब प्रत्येक तालुक्यात नसते, रोगी पुन्हा येईलच याची खात्री नसते. म्हणून नॅकोने रंगीत किट केले. स्राव असेल तर राखाडी किट, त्यात अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम, म्हणजे क्लॅमिडिया आणि गनोरिया दोन्हींवर एकदम मारा. हुशार सोय आहे. पण ज्याला लक्षणच नाही तो किट मागायला येणार कशाला? इंग्लंडमध्ये २००३ पासून पंचविशीच्या आतल्यांना लक्षण नसतानाही टेस्ट देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, २०२१ पासून त्याचा रोख मुख्यतः तरुण मुलींवर आहे. म्हणून त्या मुलीला तिथे कळलं. इथे असती तर तिला कळलं नसतं, माझ्या मित्राला कळलं नसतं, आणि मी आज दुसऱ्याच विषयावर बोलत असतो.

योग्य टेस्ट म्हणजे जिवाणूचा डीएनए किंवा आरएनए शोधणारी. लॅबमध्ये पीसीआर किंवा नॅट म्हणून मागायची. पुरुषांसाठी लघवी पुरते, पण एक मेख आहे. एरवी सांगतात सुरुवातीची लघवी सोडा, मधली घ्या. इथे बरोबर उलटं. आधी किमान एक तास लघवीला जायचं नाही आणि सुरुवातीचीच धार भांड्यात धरायची, कारण मूत्रमार्गातल्या पेशी त्यातच धुऊन येतात. बायकांसाठी योनीतला स्वॅब जास्त खात्रीचा, आणि तो स्वतःचा स्वतः घेता येतो. घसा किंवा गुदाशयात संसर्ग असेल तर तिथला वेगळा स्वॅब लागतो, लघवीत तो दिसत नाही. संबंधानंतर लगेच दुसऱ्या दिवशी टेस्ट करण्यात अर्थ नाही, साधारण दोन आठवडे जाऊ द्यावे लागतात. काही ठिकाणी रक्तातल्या आयजीजी, आयजीएम करायला सांगतात. आत्ता संसर्ग आहे का, हे त्यातून कळत नाही. पैसे वाचवा.

मित्राने दुसऱ्या लॅबमध्ये पीसीआर केली. पॉझिटिव्ह.

उपचार एका वाक्यात सांगता येतो: डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस. मुंबईकरांना ही गोळी माहीत असेल, पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालून आलं की लेप्टोसाठी महापालिका हीच देते. आधी अझिथ्रोमायसिनचा एकच डोस सर्रास दिला जायचा, पण विशेषतः गुदाशयातल्या संसर्गावर डॉक्सी जास्त चालते असं दिसल्यावर सीडीसीने २०२१ मध्ये तिला पहिली पसंती दिली. गरोदर बायकांना डॉक्सी देत नाहीत, त्यांच्यासाठी अझिथ्रोमायसिनच. गोळी मोठा ग्लासभर पाण्यासोबत, बसून घ्यायची, घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत चिकटून जळते. दूध, कॅल्शियम, लोह यांच्यासोबत नको. उन्हात त्वचा भाजते. हे सगळं डॉक्टरकडून लिहून घ्या, मेडिकलवाल्याकडून नाही, कारण सोबत गनोरिया असेल तर या गोळ्या पुरत नाहीत, आणि सिफिलिस, एचआयव्हीचीही टेस्ट त्याच वेळी व्हायला हवी. जिल्हा रुग्णालयांत आणि सरकारी मेडिकल कॉलेजांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. नॅकोची हेल्पलाइन १०९७, फुकट आहे.

चौथ्या दिवशी बरं वाटतंय म्हणून थांबायचं नाही. आणि तुम्ही घेतल्यात पण पार्टनरने नाही, तर पुढच्या आठवड्यात परत तुमच्याकडे. दोघांचा कोर्स संपेपर्यंत संबंध नाही, एकच डोस घेतला असेल तर त्यानंतर सात दिवस नाही. कोर्स संपल्या संपल्या उत्साहाने परत पीसीआर करू नका. मेलेल्या जिवाणूंचा डीएनए तीन-चार आठवडे सापडत राहतो आणि रिपोर्ट उगाच पॉझिटिव्ह येतो. कॅशे क्लिअर व्हायला वेळ द्या. तीन महिन्यांनी मात्र पुन्हा टेस्ट करायची, कारण परत लागण होणं फार कॉमन आहे.

आता अवघड भाग. मित्राला सध्याची गर्लफ्रेंड होती, चार महिने झालेले. त्याचा प्लॅन असा की स्वतः गुपचूप गोळ्या खायच्या आणि आठवडाभर ‘कामाचं प्रेशर आहे’ सांगायचं. मी म्हटलं, आणि आठव्या दिवशी? ती बाधित असेल तर तू परत बाधित, आणि तिच्या नळ्यांचं काय? तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, कसं सांगू. मी म्हटलं, तुला जसं सांगितलं गेलं तसं. दोन ओळी.

त्याने सांगितलं. तिने टेस्ट केली, पॉझिटिव्ह. तिलाही काहीही त्रास नव्हता. मग दोन दिवस जे व्हायचं ते झालं. तू मला दिलास की मी तुला? इंग्लंडवालीने याला दिला की याने तिला? याचं उत्तर कुठल्याच टेस्टमध्ये नसतं. रिपोर्टवर टाइमस्टॅम्प नसतो, कमिट कुणाचा ते लिहिलेलं नसतं. हा जिवाणू महिनोन्‌महिने, कधी वर्षाहून जास्त गप्प बसू शकतो, त्यामुळे आज पॉझिटिव्ह आला म्हणजे कुणीतरी आत्ता फसवलं असा अर्थ निघत नाही. मला स्वतःला हे कळायला वेळ लागला, कारण ‘ब्लेम’ ही कमांड आम्ही दिवसातून दहा वेळा चालवतो.

ती स्वतःच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेली. तिचा एकच प्रश्न होता, पुढे मूल होईल ना. बाई शांत होत्या. दुखत नाही, ताप नाही, तपासणीत काही नाही, वेळेत उपचार घेतलेल्या बहुतेक बायकांना पुढे अडचण येत नाही, गोळ्या पूर्ण घे, असं म्हणाल्या. लग्न झालंय का हे त्यांनी विचारलं नाही. ‘पार्टनरचा उपचार चालू आहे ना’ एवढंच विचारलं.

दोघांनी एकाच दिवशी गोळ्या सुरू केल्या, सकाळ-रात्रीचा अलार्म एकच. इंग्लंडवालीला त्याने ‘थँक्स’ एवढंच पाठवलं, तिने अंगठा पाठवला. तीन महिन्यांनंतरच्या टेस्टचा रिमाइंडर दोघांच्या शेअर्ड कॅलेंडरमध्ये आहे. घरच्यांना फोन दिसतो म्हणून त्याला नाव दिलंय ‘ॲक्टिव्हाची सर्व्हिसिंग’. त्यांच्याकडे ॲक्टिव्हा नाहीये.